कापूस, कापूर आणि सेल्युलॉइडची आग

‘सेल्युलॉइड’ हा शब्द मराठीत आपण बहुधा चित्रपटसृष्टीचा पर्याय म्हणून वापरतो. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघाला की ती ‘सेल्युलॉइडवर आली’ असे म्हणतो. हे मुळात एका पदार्थाचे नाव आहे, तो पदार्थ कशापासून बनत असे, आणि तापवल्यावर तो कसा वागत असे, याचा मात्र आता विसर पडला आहे. हा विसर साधा नाही. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट निर्माण झाले आणि त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात आज पाहता येतात ते जेमतेम काही डझन. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ (१९२०) आपल्याकडे नाही, त्यांचा मूक ‘सावकारी पाश’ (१९२५) नाही, पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) नाही. या हानीला माणसांचा निष्काळजीपणा कारणीभूत आहेच. पण त्याच्या जोडीला एका प्लास्टिकचा उष्णतेपुढचा स्वभावही कारणीभूत आहे. त्या स्वभावाचा इतिहास म्हणजेच आपल्या हातून निसटलेल्या चित्रपटांचा अर्धा इतिहास होय.

पूजेच्या तबकातील दोन वस्तू

सेल्युलॉइडचे दोन मुख्य घटक आपल्या देवघरात शेजारी शेजारी असतात : वातीचा कापूस आणि आरतीचा कापूर.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या या लांबच लांब साखळ्या. कापूस तापवला तर तो वितळत नाही, करपतो. साखळ्या एकमेकींना असंख्य ठिकाणी इतक्या घट्ट धरून असतात की, त्या एकमेकींवरून घसरू लागण्याआधीच तुटतात. म्हणून कापसाला वितळवून साच्यात ओतता येत नाही.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे प्राध्यापक असलेल्या ख्रिस्टियान शोनबाइन याने १८४५-४६च्या सुमारास कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची प्रक्रिया केली. स्वयंपाकघरात सांडलेले आम्ल त्याने बायकोच्या सुती अ‍ॅप्रनने पुसले आणि शेगडीजवळ वाळत टाकलेला तो अ‍ॅप्रन भप्पकन नाहीसा झाला, अशी कथा रसायनशास्त्राच्या पुस्तकांत सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, तीत सांगितलेला गुण खरा आहे. नायट्रेट झालेला कापूस दिसायला कापसासारखाच असतो. पण ठिणगी लागताच धूर न करता एका क्षणात जळून जातो. बंदुकीच्या दारूला पर्याय म्हणून त्याला ‘गन कॉटन’ हे नाव मिळाले. त्यातील नायट्रोजनचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असले की पदार्थ स्फोटक ठरतो. ११ ते १२ टक्के असले की तो काहीसा सौम्य होतो आणि विद्रावकांत विरघळतो. स्फोटक आणि प्लास्टिक यांच्यातले अंतर एवढेच.

या सौम्य रूपापासून साच्यात घालता येईल असा पदार्थ करण्याचा पहिला प्रयत्न इंग्लंडमधील अलेक्झांडर पार्क्स याचा. १८६२च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याने आपले ‘पार्क्सिन’ मांडले. पण धंदा म्हणून ते टिकले नाही. यश मिळाले ते अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट याला. बिलियर्डचे चेंडू त्या काळी हस्तिदंताचे असत. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास बिलियर्डचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीने दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. हायटने नायट्रेट झालेल्या सेल्युलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता आणि दाब दिला, आणि १८७० साली त्याचे पेटंट घेतले. कापराचे छोटे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये जाऊन बसतात, त्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात आणि तापवल्यावर त्यांना घसरू देतात. उकळत्या पाण्याच्या उष्णतेला हा पदार्थ कणकेसारखा मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि निवल्यावर तो आकार टिकवतो. हेच सेल्युलॉइड.

हायटच्या सुरुवातीच्या चेंडूंवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे. कोलोरॅडोतील एका बिलियर्डघराच्या मालकाने त्याला कळवले की, चेंडू जोरात आपटले की कधी कधी बार उडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण आवाज होताच खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो! ही हकिगत स्वतः हायटनेच पुढे सांगितली आहे.

कंगवे, बाहुल्या, कॉलर, चाकूच्या मुठी, टेबल टेनिसचे चेंडू अशा शेकडो वस्तू या पदार्थाच्या होऊ लागल्या. कापराची मागणी इतकी वाढली की, तैवान ताब्यात घेतल्यानंतर चारच वर्षांनी, १८९९ साली, जपानने तेथील कापराचा व्यापार सरकारी मक्तेदारीखाली आणला. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर करण्याची रीत निघाली. आज आपण आरतीला लावतो तो कापूर बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

लाक्षागृह आणि कुकरची मूठ

मनुष्याने प्लास्टिक प्रथम एकोणिसाव्या शतकात पाहिले असे मात्र नाही. उष्णतेने मऊ होणारा, हवा तो आकार घेणारा आणि निवल्यावर घट्ट होणारा एक नैसर्गिक पदार्थ भारतात फार पूर्वीपासून माहीत होता. तो म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांनी झाडांच्या फांद्यांवर स्रवलेली ही राळ. बांगड्या, दागिन्यांच्या पोकळीत भरायचे सारण, पत्रावरची मोहोर अशा कितीतरी ठिकाणी ती वापरली जाई. महाभारतातील वारणावताच्या लाक्षागृहाच्या कथेत या पदार्थाचे दोन्ही गुण आहेत : घडवायला सोपा आणि पेटायला त्याहून सोपा. विजेच्या युगात हीच लाख तारांवरच्या आवरणासाठी आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी भारतातून जगभर जाऊ लागली.

लाखेला कृत्रिम पर्याय शोधायला निघालेला माणूस म्हणजे लिओ बेकलँड. बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला हा रसायनशास्त्रज्ञ आधी छायाचित्रांच्या कागदात रमला होता. त्याचा ‘वेलॉक्स’ कागद जॉर्ज ईस्टमनने १८९९ साली मोठी रक्कम देऊन विकत घेतला, आणि त्या पैशावर बेकलँडने न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला घरची प्रयोगशाळा उभारली. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून एक चिकट, निरुपयोगी राळ बनते हे आधीच्या रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. बेकलँडने उष्णता आणि दाब यांवर ताबा ठेवून तिच्यापासून बेकेलाइट बनवले. १९०७ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत ते जाहीर केले.

उष्णतेच्या बाबतीत बेकेलाइट आणि सेल्युलॉइड ही दोन टोके आहेत. तूप तापवले की पातळ होते, निवले की थिजते, आणि हे कितीही वेळा करता येते. मातीच्या मडक्याचे तसे नाही. कच्चे मडके पाण्यात विरघळते. पण एकदा आव्यात भाजून निघाले की त्याची पुन्हा माती होत नाही. सेल्युलॉइड, लाख आणि आजच्या बादल्यांचे व पिशव्यांचे प्लास्टिक ही तुपाच्या जातीची. मराठीत त्यांना ऊष्मामृदू म्हणतात. त्यांच्या साखळ्या सुट्या असतात, उष्णतेने त्या हलू लागतात आणि पदार्थ ढिला पडतो. बेकेलाइट मडक्याच्या जातीचे, म्हणजे ऊष्मादृढ. साच्यात तापत असतानाच त्याच्या साखळ्या आडव्या-उभ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात आणि सारी वस्तू म्हणजे जणू एकच महाकाय जाळे होते. पुन्हा तापवले तर ते वितळत नाही. फारच तापले तर करपते. विजेची जुनी काळी बटणे आणि प्रेशर कुकरची काळी मूठ या जातीच्या प्लास्टिकची असते, ती यामुळेच. गॅसजवळ ठेवलेला पातळ प्लास्टिकचा डबा वाकडा होतो, आणि वर्षानुवर्षे त्याच गॅसवर चढणाऱ्या कुकरची मूठ मात्र तशीच राहते.

छायाचित्रणातून मिळालेल्या पैशावर न पेटणारे प्लास्टिक जन्मले. पण छायाचित्रणाला, आणि त्याहून अधिक चित्रपटाला, त्याचा उपयोग नव्हता. बेकेलाइटची पारदर्शक, लवचीक, गुंडाळता येण्याजोगी पट्टी होत नाही. त्यासाठी सेल्युलॉइडच हवे होते.

दिव्यापुढून जाणारी पट्टी

ईस्टमनच्या कंपनीने १८८९ साली सेल्युलॉइडची लवचीक फिल्म बाजारात आणली आणि एडिसनच्या प्रयोगशाळेत तिच्यातून ३५ मिलिमीटर रुंदीची छिद्रांकित पट्टी आकाराला आली. काचेसारखी स्वच्छ, चिवट आणि यंत्राच्या दातांची ओढ सहन करणारी अशी ही पट्टी होती. तिचा एकच दोष होता. सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ती पेट घेते, आणि प्रोजेक्टरमध्ये तिला नेमके एका प्रखर दिव्यापुढून जावे लागते.

ती वाचते ती केवळ वेगामुळे. प्रत्येक चौकट त्या प्रकाशात सेकंदाचा एखादा अंशच थांबते. पट्टी अडकली, छिद्र फाटले, हात थांबला, की त्या चौकटीवर तपकिरी डाग उमटतो, बुडबुडा येतो आणि ज्वाळा निघते. ही ज्वाळा विझवणे जवळजवळ अशक्य असते. लाकूड किंवा कागद जळायला बाहेरून ऑक्सिजन लागतो. नायट्रेट फिल्मच्या रेणूत तो आधीच बांधलेला असतो. त्यामुळे तिच्यावर वाळू टाकली, ब्लँकेट टाकले किंवा ती पाण्यात बुडवली, तरी ती जळत राहते. जळताना निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू ज्वाळेपेक्षाही घातक.

चित्रपट जन्मून दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधील ‘बाझार द ला शारिते’ या धर्मादाय जत्रेत आग लागून १२६ माणसे मेली. त्यांत ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची बहीण, आलाँसाँची डचेस, हीसुद्धा होती. आगीचे कारण फिल्म नव्हते. प्रोजेक्टरच्या दिव्यात इथर भरताना काडी ओढली गेली आणि त्याच्या वाफा पेटल्या. परंतु चित्रपट आणि आग ही जोडी तेव्हापासून लोकांच्या मनात पक्की झाली, आणि पुढच्या वर्षांत नायट्रेट फिल्मने ती खरी करून दाखवली.

या भीतीचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेला झाला. ब्रिटनमध्ये १९०९ साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. प्रोजेक्टर आगीला दाद न देणाऱ्या वेगळ्या खोलीत असावा आणि चित्रपटगृहाला स्थानिक अधिकाऱ्यांचा परवाना असावा, हा त्याचा हेतू. परंतु परवाना देणारा हात अटीही घालू शकतो. अधिकाऱ्यांनी आगीच्या बंदोबस्तासाठी मिळालेला अधिकार पडद्यावर काय दाखवावे हे ठरवण्यासाठी वापरायला सुरुवात केली, आणि त्यातून सुटका म्हणून १९१२ साली तेथील चित्रपट उद्योगाने स्वतःचे परीक्षण मंडळ काढले. भारतात १९१८ साली जो सिनेमॅटोग्राफ कायदा झाला त्यात या दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या : प्रेक्षागृहाच्या सुरक्षिततेसाठी परवाना आणि चित्रपटासाठी प्रमाणपत्र. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. कलावंतांनी शंभर वर्षे ज्या सेन्सॉरशी वाद घातला, त्याच्या मुळाशी एक पेटणारे प्लास्टिक होते, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४८ साली, या फिल्मच्या साठवणुकीसाठी आणि वाहतुकीसाठी जे नियम झाले ते तर पेट्रोलियम कायद्याखाली. त्यांची अंमलबजावणी स्फोटक पदार्थांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे आली. त्या खात्याचे मुख्यालय आज नागपुरात आहे. सरकारच्या दृष्टीने चित्रपटाचे रीळ ही रॉकेलच्या डब्याशेजारी बसणारी वस्तू होती.

दादरचे स्वयंपाकघर

मुंबईत ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले होते. कच्ची फिल्मही परदेशातूनच येई. तिला छिद्रे पाडलेली नसत. दादरच्या घरात अंधार करून सरस्वतीबाई फाळके ही छिद्रे पाडत. फिल्म धुण्याचे, वाळवण्याचे कामही घरातच होई आणि त्यातही त्यांचा हात असे. मुले, चुली, कंदील आणि पाहुणेरावळे यांच्या घरात बंदुकीच्या दारूच्या चुलत भावंडाची शेकडो फूट लांब पट्टी हाताळली जात होती. भारतीय चित्रपटाच्या आरंभाचे श्रेय देताना सरस्वतीबाईंच्या कष्टांचा उल्लेख आता होऊ लागला आहे. त्या कष्टांतील जोखमीचा अजून फारसा होत नाही.

फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. आगीचा चमत्कार दाखवणारा तो चित्रपट ज्या पट्टीवर छापला होता, ती पट्टी पडद्यावरच्या लंकेपेक्षा अधिक वेगाने जळू शकत होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या मूळ चार रिळांपैकी आज दोनच उपलब्ध आहेत, आणि तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्या मानाने बराच हाती लागला.

आगीला रोज सामोरे जावे लागे ते चित्रपटगृहांतील ऑपरेटरांना. प्रोजेक्टरमध्ये पेटलेल्या कार्बनच्या कांड्या, दगडी किंवा पत्र्याने मढवलेली खोली, प्रेक्षागृहाकडच्या झरोक्यांवर पडणारी लोखंडी झडप आणि वाळूच्या बादल्या. झडपा ऑपरेटरला वाचवण्यासाठी नव्हत्या. प्रेक्षकांना वाचवण्यासाठी होत्या.

दोन दुर्घटना

१९२९ साली दोन घटनांनी या पदार्थाचे खरे रूप उघड केले. त्या वेळी क्ष-किरण चित्रेही नायट्रेट फिल्मवरच घेत. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या क्ष-किरण चित्रांनी पेट घेतला. त्या खोलीतून जाणाऱ्या वाफेच्या नळीला गळती लागली होती. ज्वाळांनी मेलेली माणसे थोडी. बहुतेक मेली ती इमारतभर पसरलेल्या पिवळट तपकिरी वायूने. जे सुखरूप बाहेर आले असे वाटले, त्यांतलेही काही काही तासांनी, काही दिवसांनी गेले. बळींची संख्या १२३. क्लिनिकच्या चार संस्थापकांपैकी डॉ. जॉन फिलिप्स हे त्यांत होते. कमी पेटणारी फिल्म त्या वेळी बाजारात उपलब्ध होती.

त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी स्कॉटलंडमधील पेझली गावच्या ग्लेन सिनेमात मुलांसाठी खेळ चालू होता. नुकतेच दाखवून झालेले एक रीळ पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, त्यातून दाट काळा धूर येऊ लागला. आग पसरलीच नाही. पण धूर पाहून मुले दाराकडे धावली, दाराची जाळी उघडली नाही आणि चेंगराचेंगरीत ७१ मुले दगावली.

न पेटताही

नायट्रेट फिल्मचा आणखी एक दोष हळूहळू लक्षात आला. तिला नष्ट व्हायला आगीची गरज नव्हती. साध्या खोलीच्या तापमानालाही तिच्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडत राहतात. हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मचे विघटन आणखी वेगाने करते. म्हणजे कुजण्यातून जे निघते तेच कुजणे वाढवते. आधी चित्र फिकट होऊन पिवळसर पडते. मग पट्टी चिकट होते आणि थर एकमेकांना धरतात. मग फेस, बुडबुडे आणि उग्र वास. मग सारे रीळ एकच ढेकूळ होते, आणि शेवटी डब्यात उरते ती तपकिरी भुकटी.

ही क्रिया स्वतःची उष्णता निर्माण करते. बंद डब्यात घट्ट गुंडाळलेल्या रिळातून ती बाहेर पडू शकत नाही. १९४९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अशी रिळे आपोआप पेटल्यावर त्याचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसून आले की, कुजू लागलेली नायट्रेट फिल्म अनेक दिवस सतत उष्णतेत राहिली, तर ४१ अंश सेल्सिअसलाही स्वतःहून पेटू शकते. चांगल्या फिल्मसाठी धोक्याची रेषा १५० अंशांजवळ; कुजलेल्या फिल्मसाठी ती आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारपाशी येऊन ठेपते. नागपूर, अकोला, जळगाव इकडे पारा दरवर्षी त्यापुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या वितरकाच्या गोदामात काय होत असेल, हे सांगायला प्रयोगशाळा नको.

याच्या जोडीला बाजारही होता. चित्र उमटते ते चांदीच्या कणांनी. खेळ करून झालेला, बोलपट आल्यावर कोणी न विचारणारा मूकपट हा त्याच्या मालकाच्या लेखी काही तोळे चांदी आणि काही शेर सेल्युलॉइड होता. धोकादायक माल जपण्याचा खर्च आणि तो विकून मिळणारे चार पैसे यांत निवड करताना अनेकांनी भंगारवाल्याला बोलावले. त्यांना आज दोष देणे सोपे आहे. घरात ठेवलेले रीळ घर पेटवू शकते हे त्यांना माहीत होते. तेच रीळ पुढे इतिहासाचे साधन ठरेल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

सुरक्षित फिल्म

नायट्रिक आम्लाऐवजी अ‍ॅसेटिक आम्लाचा उपयोग केला, तर त्याच सेल्युलोजपासून अ‍ॅसेटेट बनते. ते कागदासारखे मंद जळते. घरगुती वापरासाठी १९२३ साली आलेली १६ मिलिमीटरची फिल्म प्रथमपासून याच पदार्थाची होती. घराघरांत नायट्रेट द्यायचे धाडस कोडॅकने केले नाही. चित्रपटगृहांसाठी मात्र अ‍ॅसेटेट पुरेसे चिवट होईपर्यंत वाट पाहावी लागली. १९४८ साली ट्रायअ‍ॅसेटेटची फिल्म आली आणि पन्नाशीच्या आरंभी नायट्रेटचे उत्पादन बंद पडत गेले. पट्टीच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला येऊ लागला.

प्रश्न सुटला असे वाटले. पण दहा वर्षे होण्याच्या आत या सुरक्षित फिल्मविषयीची पहिली तक्रार कोडॅककडे आली, आणि ती भारत सरकारकडून होती. उष्ण आणि दमट हवेत ठेवलेली फिल्म आक्रसत होती, वाकडी होत होती आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास येत होता. फिल्मवरचा अ‍ॅसेटेटचा भाग सुटून त्याचे पुन्हा अ‍ॅसेटिक आम्ल होत होते, आणि पूर्वीप्रमाणेच ते आम्ल पुढचे विघटन वाढवत होते. आज जगभरच्या संग्रहालयांत ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगाची पहिली नोंद आपल्या हवेत झाली. थंड देशांत जे अनेक दशकांनी दिसणार होते, ते आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी आणि पावसाळ्यांनी काही वर्षांतच दाखवून दिले. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर नव्या अ‍ॅसेटेट फिल्मला हा रोग जडायला सुमारे ४० वर्षे लागतात, असे पुढच्या संशोधनाने सांगितले. तापमान वाढले की ही मुदत झपाट्याने घटते. गोठणबिंदूजवळ नेले की ती शतकांत मोजावी लागते.

यात एक मूलभूत गोष्ट आहे. प्लास्टिकवर उष्णतेचा परिणाम म्हणजे वितळणे किंवा पेटणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वितळण्याच्या फार खालीही उष्णता आपले काम करतच असते. प्रत्येक अंश रेणूंमधील बंध तुटण्याचा वेग थोडा वाढवतो. आग ही त्या क्रियेची शेवटची आणि सर्वांना दिसणारी पायरी. आधीच्या पायऱ्या बंद डब्यात, अंधारात, वर्षानुवर्षे चालतात.

पुण्याची आग

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले, तेव्हा मूकपटांचा बहुतांश ठेवा आधीच गेला होता. जे वाचले त्यात पी. के. नायर या एका माणसाच्या चिकाटीचा वाटा फार मोठा. गोदामे, निर्मात्यांची घरे, भंगाराची दुकाने पालथी घालून त्यांनी रिळे मिळवली. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेल्या तुकड्यांतून ‘कालिया मर्दन’ जुळवला. नायट्रेटची रिळे ठेवण्याची तळघरे प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या परिसरात होती.

८ जानेवारी २००३ रोजी तेथे आग लागली. दिवस थंडीचे होते. सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांहून अधिक नायट्रेट रिळे नष्ट झाली. ज्या जागेत प्रभातच्या माणसांनी चित्रपट घडवले, त्याच जागेत नायट्रेटच्या युगाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा साठा जळाला.

‘आलम आरा’ याच आगीत गेला असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नव्हे. तो चित्रपट संग्रहालयात कधी आलाच नव्हता, असे नायर शेवटपर्यंत सांगत राहिले. ही चूक दुरुस्त करणे महत्त्वाचे आहे, कारण ती एका आगीवर सगळा दोष टाकून मोकळी होते. ‘आलम आरा’ कोणत्याही एका दिवशी बातमी होऊन जळाला नाही. तो त्याआधीच, कोणाला न कळता, नाहीसा झाला होता. आपले बहुतेक मूकपट असेच गेले.

पुण्याच्या आगीत जळालेल्यांपैकी अनेक चित्रपट सुरक्षित फिल्मवर आधी उतरवून घेतलेले होते, म्हणून आपण ते आजही पाहू शकतो. पण प्रत म्हणजे मूळ नव्हे. नायट्रेटच्या मूळ पट्टीवर जो तपशील आणि काळ्या-पांढऱ्याच्या छटांची जी श्रीमंती असते, ती प्रत करताना काही ना काही कमी होते, आणि उद्या अधिक चांगले यंत्र निघाले तरी मूळच नसेल तर ते कशावर चालवणार? १९७०च्या सुमारास केलेल्या प्रतीत जेवढे उतरले तेवढेच आता त्या चित्रपटाचे कायमचे रूप.

उरलेले काम

आता बहुतेक चित्रपट फिल्मवर निघत नाहीत. नव्वदीच्या दशकापासून चित्रपटगृहांतल्या प्रती पॉलिएस्टरवर येऊ लागल्या. ते आम्ल सोडत नाही आणि सहज पेटत नाही. मग बहुतेक ठिकाणी फिल्मच गेली. टेबल टेनिसचा चेंडू, सेल्युलॉइडचा अखेरचा मोठा वापर, तोही २०१४पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्या प्लास्टिकचा झाला. हायटचा पदार्थ जवळजवळ इतिहासजमा झाला आहे.

पण मराठी बोलपटांच्या पहिल्या वीस वर्षांतली, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून पुढची, आणि त्यानंतरची अ‍ॅसेटेटवरची निर्मिती ही अजूनही पट्टीच्या रूपात कोठे ना कोठे आहे. राष्ट्रीय संग्रहालयाची तळघरे, प्रयोगशाळांची जुनी गोदामे, निर्मात्यांच्या वारसांचे माळे, तालुक्याच्या गावातले बंद पडलेले चित्रपटगृह. २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असून जुन्या चित्रपटांच्या डिजिटल पुनरुज्जीवनाचे काम सुरू आहे. ते मोलाचे आहे. पण स्कॅन करण्याआधी रीळ जिवंत असावे लागते, आणि ते जिवंत राहते ते थंडीत. वातानुकूलन बंद पडलेला एक उन्हाळा त्याच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे खातो.

एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याचा गोल डबा सापडला, आणि उघडताच आंबट किंवा उग्र वास आला, पट्टी चिकट किंवा तपकिरी दिसली, तर तिला उन्हात वाळत घालू नये, दिव्यासमोर धरू नये, घरात साठवू नये आणि भंगारातही देऊ नये. संग्रहालयाला कळवावे. आत कोणाच्या तरी लग्नाचे चित्रण असेल, जाहिरात असेल किंवा काहीच उरले नसेल. पण ‘सैरंध्री’ किंवा मूक ‘सावकारी पाश’ कधी सापडलाच, तर तो अशाच एखाद्या डब्यात सापडेल. आणि तोवर दर उन्हाळ्यात त्या डब्यातले चित्र थोडे थोडे कमी होत जाणार आहे.